आतोबा, लंकेकर आणि पुनवेचा नारळ

आमच्या आतोबांएवढा जिंकण्याचा हावरा माणूस अलिबाग ते रेवदंडा या सगळ्या टापूत झाला नाही, आणि पुढे कधी झालाच तर तो आतोबा हयात नव्हते म्हणून झाला असं मी म्हणेन. मी मराठी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. शिकलेली मंडळी म्हणतात, म्हातारा वाढवून सांगतो. म्हणोत. त्यांनी आतोबा पाहिले नाहीत, मी पाहिलेत. माझ्या बापाच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. नागावात आमची वाडी आणि त्यांची वाडी यांच्यामध्ये एक पाण्याचा पाट तेवढा होता, आणि तो पाट कोण आधी ओलांडतो यावरसुद्धा ते माझ्याशी शर्यत लावायचे. बरं, शर्यत लावली तर समोरच्याला तसं सांगावं, ही रीत त्यांना मान्य नव्हती. अलिबागच्या बाजाराला पायी निघाले की पुढे चाललेला एखादा अनोळखी वाटसरू ते हेरत, धोतराचा सोगा वर खोचत, पाय उचलत आणि त्याला मागे टाकला की थांबून, वळून, त्याच्या तोंडावर म्हणत, "हरलास!" तो बिचारा डोक्यावरचं ओझं सावरत विचारी, "काय हरलो बाबा मी?" तोवर आतोबा पुढच्या माणसाच्या मागे लागलेले असत.

घरातही तेच. आत्यानं भाकरी थापायची आणि यांनी खायची. तव्यावरची उतरायच्या आत ताटातली संपली की हे जिंकले. आत्या म्हणायची, "अवो, त्या भाकरीला जरा दम तरी खाऊ द्या!" देवळात आरतीला सगळ्यांचे सूर संपले तरी यांचा एक सूर मागे रेंगाळत राही, पुजारी घंटा ठेवून वाट बघत उभा. एकदा त्यांना सणसणून ताप भरला. वैद्यबुवा काढा घेऊन आले तर हे म्हणाले, "थांबा वो, मधी पडू नका. बघू तर खरं, ताप हरतो का मी." तिसऱ्या दिवशी ताप उतरला. काढा आत्यानं गुपचूप पेजेतून पाजला होता, पण ते त्यांना मरेपर्यंत कोणी सांगितलं नाही. सांगायची छाती कोणाची होती?

पण हे सगळं वरवरचं. त्यांचा खरा जीव नारळात. आमच्या किनाऱ्याला नारळी पुनवेला समुद्राला नारळ वाहून झाला की वाळूवर नारळ लढवतात. एकानं आपला सोललेला नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्यानं आपला नारळ त्यावर हाणायचा, मग पाळी उलटी. ज्याचा फुटला तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा. इतर माणसं सणाच्या दिवशी हाताला येईल तो नारळ घेऊन येत. आतोबांची तयारी चैत्रापासून. वाडीतला एकेक नारळ ते कानाशी धरत, नखानं टिचकी मारत, डोळे मिटून ऐकत आणि शंभरातला एखादा पसंत पडला की आत्याच्या तांदळाच्या कणगीत पुरून ठेवत. आत्यानं आंधणासाठी हात घालावा आणि हाताला नारळ लागावा, हे नेहमीचं. ती टिचकीची खोड पुढे पुढे इतकी वाढली की मडकं, दार, होडीची फळी, समोर येईल ते वाजवून बघायचे. माझ्या बहिणीला बघायला आलेल्या नवऱ्या मुलाच्या डोक्यावरदेखील यांनी बोलता बोलता टिचकी मारली आणि आत येऊन माझ्या बापाला म्हणाले, "द्या पोरगी. जाड कवटीचा हाय, टिकंल." दिली. टिकला.

अशा या माणसाला तोडीस तोड गडी अख्ख्या तालुक्यात मिळाला नाही. तो समुद्रापलीकडून यायचा होता.

आमच्या आळीच्या टोकाला वैद्यबुवा राहायचे. त्यांची विद्या मोठी आहे हे आम्ही ऐकून होतो, पण किती मोठी ते मिठाच्या सत्याग्रहाच्या गडबडीनंतरच्या एका वैशाखात कळलं. रेवसच्या बोटीनं एक सडसडीत सावळा तरुण उतरला आणि बैलगाडीत लोखंडी पेटीवर बसून थेट वैद्यबुवांच्या अंगणात आला. तो सिलोनचा. बाप तिकडे खेड्यात वैद्य, पण म्हातारा झालेला आणि नजर जात चाललेली. पंचक्रोशीत दुसरा वैद्य नाही. म्हणून त्यानं कोणाच्या तरी ओळखीनं पोराला इकडे धाडला होता, की तीन सालं शीक, मी आंधळा व्हायच्या आत ये आणि माझ्या पाटावर बस. पोरावर बापाचा भार होता आणि बापावर गावाचा.

सिलोन म्हणजे लंका, एवढं आमच्या बायकांना माहीत. पहिल्याच दिवशी आळीतल्या म्हाताऱ्या त्याला बघायला गोळा झाल्या. एकीनं धीर करून विचारलं, "काय रे बाबा, तुमच्याकडं घरं सोन्याची असतात म्हणे?" वैद्यबुवांनी त्याला संस्कृतातून समजावून सांगितलं. तो हसला आणि वर आमच्या छपराकडे बोट केलं. झापांची! नारळाच्या झापांची! म्हाताऱ्या हिरमुसल्या, पण त्यांना तो आवडला. त्याचं नाव भलं लांबलचक होतं, आमच्या जिभेवर बसेना. आठवड्याच्या आत गावानं त्याला आडनाव देऊन टाकलं, लंकेकर. वैद्यबुवा त्याला मराठी शिकवत ते पोथीतलं. त्यामुळे तो विहिरीवर येऊन पाणी भरणाऱ्या बायकांना हात जोडून म्हणायचा, "मजला किंचित उदक द्यावे." बायका तोंडाला पदर लावून पळत.

दीड-दोन महिने बरे गेले. आषाढात मात्र पोर सुकायला लागलं. वैद्यबुवांच्या घरी वरणभात, भाजी, ताक, सगळं वेळेवर. पण समुद्राकाठी मासळीवर वाढलेल्या माणसाचा घास त्यात कुठवर उतरणार? बरं, गाव काही वाईट वागत नव्हतं. उलटच. तो दिसला की माणसं हळू बोलायची. बसायला पाट द्यायची. संध्याकाळी आम्ही ओल्या वाळूवर हुतूतू खेळायचो. तो आला की खेळ थांबवून त्याला चटईवर बसवायचो आणि मग त्याला लागू नये म्हणून लांब जाऊन खेळायचो. सगळे त्याला जपत होते. धक्का कोणी मारत नव्हतं. तो चटईवर बसून समुद्राकडे बघत राही आणि उठून जाई. श्रावण लागता लागता त्यानं वैद्यबुवांना सांगितलं, "पौर्णिमेनंतरच्या नौकेने मी स्वगृही जातो. मला क्षमा असावी." वैद्यबुवा हबकले. शिक्षण सुरू होऊन चार महिने नव्हते झाले. हा असाच परत गेला तर त्या आंधळ्या होत चाललेल्या बापानं काय करावं?

वैद्यबुवा आळीत घरोघर फिरले. म्हणाले, "पुनवेला त्याला नारळ खेळायला बोलवा. आणि हे बघा, जिंकू द्या त्याला. चार माणसांनी वाहवा केली की पोर रमेल." आम्ही व्हय म्हणालो. यात चूक झाली असं म्हणायला मी आजही तयार नाही. घरी आलेल्या माणसाला हरवून पाठवायचं ही आमची रीत नव्हती, आणि जी आमची रीत नाही ती आम्ही करत नाही. अडचण एकच होती, आतोबा. त्यांना जिंकू नका म्हणणं म्हणजे ओहोटीला थांब म्हणणं. तेव्हा वैद्यबुवांनी आपली विद्या वापरली. पुनवेच्या सकाळी ते आतोबांकडे गेले, गुडघा दाबून पाहिला, तोंड गंभीर केलं, ढोपरापासून पोटरीपर्यंत हिरवा लेप थापला, वर केळीचं पान बांधलं आणि म्हणाले, "सूर्यास्तापर्यंत पाय खाली टेकवाल तर कायमचे लंगडाल. मग रस्त्यानं कोणीही तुमच्या पुढे जाईल." हे शेवटचं बरोबर लागू पडलं. आतोबा ओटीवर पाय पसरून बसले.

तिकडे वाळूवर नारळ वाहून झाला आणि खेळ सुरू झाला. आम्ही घरातले पातळ कवटीचे, तडा गेलेले, पाणी आटलेले नारळ शोधून नेले होते. लंकेकराच्या हाती वैद्यबुवांनी एक चांगला नारळ दिला. त्यानं हाणला, समोरचा फुटला. आम्ही ओरडलो, "वा रे लंकेकर!" दुसरा फुटला, तिसरा फुटला. त्याच्या पायाशी खच पडला. पहिल्या दोन-चार नारळांना त्याच्या डोळ्यांत चमक आलेली मी पाहिली. मग त्यानं एक फुटकी कवटी उचलली, तिची कड बोटानं चाचपली. पुढचा गडी नारळ घेऊन आला तर त्यानं तो त्याच्या हातातून घेतला, कानाशी नेला, नखानं टिचकी मारली. तशीच, आतोबांसारखी! मग दुसऱ्याचा. मग माझा. प्रत्येकाचा नारळ त्यानं ज्याचा त्याला परत दिला, सगळ्यांना नमस्कार केला आणि मान खाली घालून वैद्यबुवांच्या घराकडे चालू लागला. आम्ही खुळ्यासारखे उभे.

इकडे ओटीवर आतोबांचे कान वाळूकडे लागलेले. आत्या नंतर सांगायची, पहिला आवाज आला तशी यांनी मान वर केली, दुसरा आला तसे उठून बसले, आणि तिसऱ्याला ओरडले, "अगो, हे नारळ न्हाय! मडकी फुटतायत तिकडं! कोण खेळतोय का थट्टा चाललीय?" आणि कणगीत कोपरापर्यंत हात घालून एक नारळ काढला आणि निघाले. केळीचं पान मागे लोंबतंय, लेपाचे हिरवे गोळे वाटभर पडतायत, आणि हे लंगडत, धावत. वाटेत आम्ही भेटलो. काय झालं ते ऐकून त्यांनी आमच्याकडे असं बघितलं, की मला माझ्या लग्नातसुद्धा इतकं अवघडल्यासारखं झालं नव्हतं.

वैद्यबुवांच्या पडवीत लंकेकर पेटी भरत होता. आम्ही सगळे अंगणात. आतोबा थेट पडवीत.

"काय रे, पळतोस?" आतोबा म्हणाले.

तो उभा राहिला. हात जोडून म्हणाला, "आपण सर्वांनी मजवर दया केली. माझ्या ग्रामीही नारळाचा खेळ आहे. बाल्यापासून खेळतो. मला कळते."

"दया? मी कोणावर दया करत न्हाय. माझ्या बायकोला विचार."

"व्हय रे बाबा," आत्या अंगणातून म्हणाली. ती पण मागोमाग आली होती. "तीस सालं झाली, माझ्यावर पण केली न्हाय."

आतोबांनी आपला नारळ त्याच्यापुढे धरला. "हा घे. वाजवून बघ. आता ह्याला मडकं म्हणून दाखव."

लंकेकरानं नारळ घेतला, टिचकी मारली. पुन्हा मारली. त्याच्या तोंडावरचा भाव बदलला. तो वाकला आणि पेटीच्या तळाशी, कपड्यांत गुंडाळलेला एक नारळ काढला. लहानसा, लांबोडका, तपकिरी काळा. घरून आणलेला. आतोबांनी तो कानाशी धरला, डोळे मिटले आणि इतका वेळ ऐकत राहिले की वैद्यबुवा पुढे सरकले. मग डोळे उघडून ते हळूच म्हणाले, "अरे चोरा! हा इतके दिवस पेटीत ठेवलास?"

दोघे अंगणात उतरले. आतोबांनी धरला, त्यानं हाणला. काही नाही. त्यानं धरला, आतोबांनी हाणला. काही नाही. आवाज असा यायचा की पायाखालची जमीन ऐकते आहे असं वाटावं. आळीतली माणसं कुंपणाला येऊन टेकली. लंकेकराच्या कपाळावर घाम आला, दात आवळलेले. आतोबांचा लेप तर केव्हाच गळून पडला होता. किती फेऱ्या झाल्या मी मोजल्या नाहीत. शेवटी आतोबांचा एक घाव बसला आणि लंकेकराच्या मुठीत, त्याच्या घरच्या, त्याच्या बापाच्या झाडाच्या नारळाची दोन शकलं झाली.

वैद्यबुवांनी कपाळाला हात लावला. आणि आतोबा? एका पायावर नाचले! "हरलास! लंकेकर हरलास!" ओरडले, आणि नाचून झाल्यावर त्याच्या मुठीतली ती शकलं नियमाप्रमाणे काढून घेतली.

"अवो, काही लाजलज्जा?" आत्या कडाडली. "पोराच्या घरचा नारळ तो!"

"हरला त्याचा नारळ जिंकला त्याचा. लंकेत वेगळं असलं तर सांगू दे त्याला."

सगळ्यांनी लंकेकराकडे पाहिलं. आता हा रडणार असं मला वाटलं. पण त्याच्या गालांवर रक्त चढलं होतं, नाकपुड्या फुगल्या होत्या. महिन्या-दीड महिन्यानं ते तोंड जिवंत दिसलं. "पुन्हा!" तो म्हणाला. "उद्या. पुन्हा खेळावे."

"उद्या? नारळ कुठला आणणार? वैद्याच्या कोठीतला?" आतोबा म्हणाले. "चैत्रात वाडीत ये, निवड, मुरव, मग पुनवेला समोर उभा रहा. पण तू तर बोटीनं चाललास म्हणे. जा बाबा. हरलेले जातात."

"मी जात नाही," लंकेकर म्हणाला. आणि सगळ्यांसमक्ष त्यानं पेटीतले कपडे पुन्हा दांडीवर टाकले.

त्या संध्याकाळी आत्यानं त्याला हाताला धरून घरी नेलं, ते फुटलेलं खोबरं वाटून बांगड्याचं कालवण केलं आणि त्याच्यापुढे वाढलं. वैद्यबुवांनी "माझ्या घरात चालत नाही, तुमच्या घरात मला दिसत नाही" एवढंच म्हटलं. तो किती जेवला ते आत्या सांगत नसे. जेवणाऱ्याचा घास मोजू नये म्हणायची. आतोबा मात्र त्याच्याशी शर्यत लावून जेवले आणि हरले. अर्थात ते म्हणाले, बांगड्याला काटे फार होते.

दुसऱ्या दिवसापासून गावाचं जपणं संपलं. हुतूतूत त्याला ओढून घेतला. पहिल्याच दिवशी आम्ही चौघांनी मिळून त्याला वाळूत दाबला आणि तो तोंडातली वाळू थुंकत हसला. सकाळी तो वैद्यबुवांकडे मात्रा आणि मुळ्या शिके, संध्याकाळी आतोबांच्या वाडीत. तिथे दोघं एकेका झाडाखाली उभे राहून भांडत. "हा कच्चा." "न्हाय, मुरलेला." "आतोबा, तुमचा कान गेला." "तुझी अक्कल गेली." वैद्यबुवांचं पोथीतलं मराठी पाट ओलांडून वाहून गेलं; पुढल्या चैत्रात तोच विहिरीवर "ए बाय, पाणी दे की, किती बोलशील?" म्हणून ओरडत होता आणि बायका त्याला घागरी उचलायला लावत होत्या.

पुढच्या पुनवेला लंकेकरानं आतोबांचा नारळ फोडला. सरळ फोडला, तिसऱ्या घावाला. आतोबा चार दिवस कोणाशी बोलले नाहीत. आम्ही समजूत घालायला गेलो तर म्हणाले, "नारळ हरला. मी न्हाय." मग पाचव्या दिवशी लंकेकराला बोलावून घेतलं. "एक तुझा, एक माझा. पुढल्या साली निकाल." झालं, तिसरं सालही बांधलं गेलं. वैद्यबुवा मला म्हणाले होते, "माझ्या काढ्यांनी जे जमलं नाही ते या हट्टी माणसाच्या हट्टानं जमवलं. मात्र त्याला सांगू नकोस, फुशारकी मारेल." मी सांगितलं नाही.

तिसऱ्या वैशाखात मात्र घरून निरोप आला. बापाची नजर पुरी गेली होती. माणसं दारात येऊन परत जात होती. वैद्यबुवांनी त्याची परीक्षा घेतली आणि म्हणाले, राहिलेलं आता तुला रोगीच शिकवतील, जा. निघायच्या आधी तो वाडीत आला. मी तिथेच शिंपणं करत होतो. आतोबांनी त्या साली चैत्रातच निवडलेला नारळ हातात घेतला होता आणि तो फिरवून फिरवून बघत होते.

"आतोबा," लंकेकर म्हणाला, "पुनवेला तीन महिनंच हायत. म्या थांबतो. निकाल राह्यला आपला."

तो खरंच थांबला असता. मला त्याच्या तोंडावरून कळत होतं. आणि आतोबांना तो निकाल किती हवा होता हे नागावातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. गेल्या पुनवेपासून ते दुसरं काही बोलले नव्हते. त्यांनी नारळाला टिचकी मारली, पण ऐकायला कानाशी नेला नाही.

"तिकडं बाप अंधारात बसलाय," ते म्हणाले, "आणि तू हितं नारळ काय फोडतोस?"

"मग निकाल?"

"लागला की. मी हरलो."

आत्या चुलीपासून उठून दारात आली. "काय म्हणालात?"

"हरलो म्हणालो. एकदा बोललो. पुन्हा बोलायचा न्हाय."

लंकेकर त्यांच्या पाया पडला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि टिचकी मारली नाही. रेवसला त्याला पोचवायला अर्धं गाव गेलं. आतोबा गेले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले.

त्या श्रावणात पुनवेला ते वाळूवर आले, पण हात रिकामे. कडेला एका पालथ्या होडीला टेकून बसले. नवी पोरं ओरडली, "आतोबा, उतरा की!" ते म्हणाले, "मी लंकेकडून हरलेला गडी. तुमच्याशी काय खेळू?" आणि असं म्हणाले, जसा एखादा माणूस आपली वाडी दाखवतो. मी जाऊन शेजारी बसलो. पाणी उतरत होतं, पोरांचे नारळ फुटत होते, चांगले वाईट सगळे. आतोबा दक्षिणेकडे तोंड करून बसले होते. तसंच तिकडे बघत त्यांनी मला विचारलं,

"काय रे, बापाला दिसत न्हाय. पण पोर दारात आल्यावर पावलांचा आवाज ओळखला असंल ना त्यानं?"

"ओळखला असंल," मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले. "ओळखलाच असंल."